डोमेन दुसऱ्या कंपनीकडे नेताय? या चुका टाळा

जळगावच्या दुकानदाराला विचारा, डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, केवढ्याला पडलं? "दीडशेत भेटलं, भो!" तो दर पहिल्या वर्षाचा. पुढच्या वर्षी हजाराच्या वरचं बिल आणि त्यावर 18 टक्के जीएसटी आला की फोनाफोनी सुरू होते. डॉट कॉमचा घाऊक दरच सप्टेंबर 2024 मध्ये वर्षाला 10.26 डॉलर झाला, आणि तो प्रत्येक रजिस्ट्रारला, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीला, डॉट कॉम सांभाळणाऱ्या व्हेरिसाइनकडे भरावाच लागतो. दीडशेत देणारा पहिल्या वर्षी पदरचे घालतो, नंतर वसूल करतो. म्हणून घेतानाच रिन्यूअलचा दर बघा. डॉट इनसाठी कुणी 'प्रायव्हसी'चे, म्हणजे मालकाची माहिती लपवण्याचे, पैसे मागितले तर देऊ नका, तिथे ती सोय चालतच नाही.

बहुतेकांचं घोडं अडतं ते डोमेन कुणाच्या नावावर आहे इथे. रावेर-फैजपूरकडच्या केळी व्यापाऱ्याची साइट ओळखीच्या पोराने केलेली असते, स्वतःच्या ईमेलवर. पोरगा नोकरीला पुण्याला गेला की ऑथ कोड, म्हणजे डोमेन हलवायला लागणारा गुप्त कोड, त्याच्याच मेलवर जातो. संबंध गोड आहेत तोवर हे निस्तरा. पण घाईने आधी मालकाचं नाव किंवा ईमेल बदलू नका. डॉट कॉमसारख्या डोमेनवर त्या बदलानंतर बऱ्याच ठिकाणी 60 दिवसांचं कुलूप बसतं. पोराकडून कोड घेऊन आधी डोमेन हलवा, मग नाव बदला. डोमेन नवंकोरं असेल किंवा नुकतंच हलवलेलं असेल, तरी बहुतेक ठिकाणी 60 दिवस थांबावं लागतं.

मुदत संपायच्या आठवड्यात धावपळ करणारेही कमी नाहीत. उरलेले दिवस वाया जातील, ही भीती त्यामागे असते. ते जात नाहीत. डॉट कॉम हलवताना जुन्या मुदतीला एक वर्ष जोडलं जातं, एकूण 10 वर्षांपर्यंत. महिनाभर आधी सुरुवात करा. मुदत संपल्यावर जुन्याकडे रिन्यू करून 45 दिवसांच्या आत हलवलंत, तर तिथे भरलेलं वर्ष हातचं जाऊ शकतं. काहीच केलं नाही तर पुढे रिडेम्प्शनचे, म्हणजे दंड भरून डोमेन सोडवून घ्यायचे, 30 दिवस, आणि तेव्हाचा दंड ऐकून घाम फुटतो.

हलवताना साइट बंद पडते ती नेमसर्व्हरमुळे, म्हणजे डोमेनची साइट आणि मेल कुठे आहे हे सांगणाऱ्या सर्व्हरमुळे. जुन्या रजिस्ट्रारचे फुकट नेमसर्व्हर वापरत असाल तर ते बंद होऊ शकतात. ए (साइटचा), एमएक्स (मेलचा), टीएक्सटी (पडताळणीचा) असे सगळे रेकॉर्ड आधी उतरवून घ्या, दुसऱ्या डीएनएसवर, म्हणजे दुसरीकडच्या नेमसर्व्हरवर, टाका, डीएनएससेक (रेकॉर्डवरची सुरक्षेची सही) काढा, एक-दोन दिवस जाऊ द्या, मगच हलवा. एमएक्स राहून गेला तर साइट दिसते आणि दुबईच्या खरेदीदाराचा मेल मात्र परत जातो. हे लक्षात यायला बराच वेळ लागतो.

ट्रान्सफरचा अर्ज नाकारला गेला? आधी डोमेन अनलॉक आहे का बघा. 'क्लायंट ट्रान्सफर प्रोहिबिटेड' दिसत असेल तर कुलूप तसंच आहे. मग कोड तपासा: कॉपी करताना मागे रिकामी जागा चिकटते, किंवा कोड जुना झालेला असतो. कोड मिळतच नसेल तर लेखी मागा. आयकॅन या डोमेनचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या नियमाप्रमाणे डॉट कॉमसाठी तो पाच दिवसांत द्यावा लागतो. कोड टाकून अर्ज गेल्यावर जुना रजिस्ट्रार गप्प बसला तरी पाच दिवसांनी ट्रान्सफर आपोआप पुढे जातं.

काम झालं की नव्या खात्यात लॉक लावा आणि जुन्या खात्यातली होस्टिंग-ईमेलची ऑटो-रिन्यूअल बंद करा. तुमचं कार्ड तिथे अजून जोडलेलं असतं.