ओटिस रेडिंगची पुण्यतिथी घरच्या घरी

ओटिस रेडिंग म्हणजे सोलचा, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चच्या गाण्यातून आलेल्या संगीताचा, गायक. त्याच्या पुण्यतिथीला पहिल्या वर्षी मी आपल्या रिवाजाप्रमाणेच सगळं केलं आणि फसले. फोटोला हार, उदबत्ती, आणि गाणं सुरू व्हायच्या आधीच सांगून टाकलं: 10 डिसेंबर 1967, विमान तळ्यात कोसळलं, वय अवघं 26. मग काय, तासभर दहा माणसं सुतकात बसल्यासारखी बसली. समोर ओटिस घसा फोडून गातोय आणि कुणी मान डोलवेना! तेव्हापासून मरणाची गोष्ट मी शेवटाला ठेवते.

आधी तारखेचं बघा. जयंती 9 सप्टेंबरला, म्हणजे पुण्यात ढोलपथकांचा सराव नाहीतर साक्षात गणपती. पुण्यतिथी सवाईच्या आसपास येते, आणि सवाईचं तिकीट हातात असलेल्या माणसाला अमेरिकेतल्या मेम्फिस शहरातलं सोल ऐकायला बोलावू नये. मी डिसेंबरचा पहिला रविवार धरते. दहा-बारा माणसं पुरे. गाणी फोनच्या स्पीकरवर लावू नका, ओटिसच्या साथीला बेस गिटार वाजवणाऱ्या डक डनचा बेस त्यात ऐकूच येत नाही. कुणाकडून तरी दोन बरे स्पीकर मागून आणा. गाणी आधीच डाउनलोड करून ठेवा. एका वर्षी सगळे गप्प झाले होते, तेवढ्यात बाथरूमच्या टाइल्सची जाहिरात लागली.

प्रस्तावना चार वाक्यांची करा. जॉर्जियातल्या मेकनचा, चर्चमध्ये गात वाढलेला पोरगा. 1962 मध्ये मेम्फिसच्या स्टॅक्स स्टुडिओत आला तो दुसऱ्याच वादकाला गाडीतून घेऊन. त्याचं रेकॉर्डिंग आटोपल्यावर वेळ उरला, त्यात ओटिस गायला. स्टुडिओ म्हणजे जुनं सिनेमा थिएटर, जमिनीचा उतारही तसाच ठेवलेला. बस, एवढंच.

पहिलं गाणं ‘ट्राय अ लिटल टेंडरनेस’. गाणं मूळचं 1932 चं, ओटिसने ते 1966 मध्ये गायलं. कुणाला काही समजावू नका. हळू सुरू होतं, मग अल जॅक्सन ड्रमच्या कडेवर टिकटिक सुरू करतो, आणि शेवटी गाणाराही आवरत नाही, वाजवणारेही नाहीत. वरच्या मजल्यावरच्या काकू तीस वर्षं पेटी शिकवतात. त्या एवढंच म्हणाल्या, “अगं, हा विलंबितातून थेट झाल्यावरच गेला की!” माझं अर्ध्या तासाचं भाषण वाचलं. (गाण्याच्या अर्थाचे कागद मी एकदा वाटले होते. सगळ्यांची डोकी कागदात. आता वाटत नाही.)

पुढचा भाग माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. अकाली गेलेल्या गायकाची आठवण कशी काढावी हे ओटिसनेच करून दाखवलंय. सॅम कुक 11 डिसेंबर 1964 ला गोळी लागून गेला, वय 33. पुढच्या जुलैत ओटिसने जवळपास एका दिवसात ‘ओटिस ब्लू’ हा अख्खा अल्बम रेकॉर्ड केला आणि त्यात कुकची तीन गाणी घेतली. नक्कल केली नाही. ‘अ चेंज इज गॉना कम’ आधी कुकच्या आवाजात लावा, मागे व्हायोलिनं, सूर रेशमी. लगेच ओटिसचं लावा. तिथे ब्रास, म्हणजे ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं आहेत, खरखर आहे, शब्द मध्येच तुटतात. नंतर कुकचंच ‘शेक’ लावा, पण ओटिसच्या जून 1967 च्या कॅलिफोर्नियातल्या माँटेरे संगीत महोत्सवातलं. मंचावर आल्या आल्या त्याने तेच धरलं होतं. इथे घाई करू नका, लोक बोलू लागतात, बोलू द्या.

मग ‘डॉक ऑफ द बे’. बहुतेकांना तेवढंच ठाऊक असतं, म्हणून पहिलं लावायचा मोह होतो. तो आवरा. घशाच्या ऑपरेशननंतरचा हा मऊ आवाज, आधीची खरखर ऐकल्यावरच कळतो. शेवटची शिट्टी विरू द्या आणि मग सांगा: याचं काम अपघाताच्या दोन-तीन दिवस आधीपर्यंत चालू होतं. लाटांचे आणि पक्ष्यांचे आवाज त्याचा गिटारवादक स्टीव्ह क्रॉपरने ओटिस गेल्यावर घातले. मार्च 1968 मध्ये गाणं अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेलं.

विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनच्या मोनोना तळ्यात त्या दिवशी ओटिस एकटा गेला नाही. त्याच्या साथीच्या बार-केज बँडमधली चार मुलंही गेली, विशीही न गाठलेली. विमानातला एकच जण वाचला, ट्रम्पेटवाला बेन कॉली. म्हणून सांगता ओटिसने करायची नाही. त्याच मुलांचं ‘सोल फिंगर’ लावायचं. त्यात आरडाओरडा करणारी पोरं स्टुडिओबाहेरच्या गल्लीतली आहेत, कोकच्या बाटल्यांच्या बोलीवर आत आणलेली. ट्रम्पेट कॉलीचा. आवाज मोठा ठेवा. आमच्या सोसायटीतली पोरं एव्हाना दाराशी आलेलीच असतात, कारण मी भजी तळायला घेतलेली असतात.