गरोदरपणात बदललेला तीळ कसा तपासावा

गर्भ राहिल्यानंतर त्वचेचा रंग अनेक ठिकाणी गडद होतो. पोटावर मधोमध काळसर रेघ उमटते, गालांवर वांग येतात. त्यामुळे एखादा तीळ काळा झाला, तरी घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया ‘दिवस गेल्यावर असे होतेच’ म्हणून तो सोडून देतात. ही समजूत अर्धीच खरी आहे. पोट व छातीवरचे तीळ त्वचा ताणल्यामुळे थोडे रुंदावू शकतात. परंतु पाठीवरचे किंवा पायांवरचे तीळ केवळ गरोदरपणामुळे फारसे बदलत नाहीत, म्हणून तिथला ठळक बदल गरोदरपणाच्या खात्यावर टाकू नये.

तीळ सकाळच्या उजेडात पाहावा, शेजारी मोजपट्टी धरून मोबाईलवर फोटो काढावा आणि महिन्याने त्याच जागी, त्याच उजेडात पुन्हा काढावा. दोन अर्धे सारखे न दिसणे, कडा वेड्यावाकड्या असणे, एकाच तिळात काळा, तपकिरी, लाल असे रंग मिसळणे, रुंदी ६ मिलिमीटरहून अधिक असणे, ही लक्षणे त्वचेच्या कर्करोगाचा संशय घेण्याजोगी आहेत. मात्र सर्वांत महत्त्वाचा असतो तो बदल. तीळ वाढत असेल, त्यातून रक्त येत असेल किंवा तो चिघळत असेल, तर दुसऱ्या फोटोसाठी थांबू नये.

मेलॅनोमा हा त्वचेचा कर्करोग आपल्याकडे विरळ आहे. पण जेव्हा होतो, तेव्हा बऱ्याचदा तळपाय, तळहात किंवा नखाखाली होतो, आणि नेमकी तीच जागा कोणी पाहत नाही. पोट वाढल्यावर तळवे स्वतःला दिसत नाहीत, म्हणून ते नवऱ्याला किंवा जावेला पाहायला सांगावेत, तेही डोहाळजेवणाची मेंदी लागण्यापूर्वी. एकाच नखाखाली नव्याने उमटलेली, रुंदावत जाणारी आणि नखालगतच्या कातडीवर पसरलेली काळी रेघ दिसल्यास तातडीने दाखवावे. हिरडीवर किंवा बोटावर येणारी, धक्का लागताच रक्त येणारी लालभडक गाठ गरोदरपणात बहुधा निरुपद्रवी असते, तरी तीही डॉक्टरांच्या नजरेखालून जावी.

तिळावर चुना लावणे किंवा ब्यूटी पार्लरमध्ये तो जाळून घेणे सर्वस्वी टाळावे, कारण जळलेल्या तिळाची तपासणी प्रयोगशाळेत नीट होत नाही.

सोलापुरात सिव्हिलमध्ये किंवा खासगी त्वचारोगतज्ज्ञांकडे जाताना गरोदरपणाची फाईल सोबत न्यावी आणि कितवा महिना आहे ते आधीच सांगावे. भिंगाच्या उपकरणाने होणाऱ्या डर्मोस्कोपीचा बाळाला काहीही त्रास नाही. संशय राहिला तर तीळ काढून बायॉप्सीला पाठवतात. यासाठी फक्त तेवढीच जागा बधिर करतात आणि त्यासाठी वापरले जाणारे लिग्नोकेन गरोदरपणात सुरक्षित मानले जाते. पाचव्या महिन्यानंतर मात्र फार वेळ उताणे झोपवू नये, कारण गर्भाशयाचा दाब मोठ्या शिरेवर पडतो. डाव्या कुशीवर थोडे कलते ठेवण्यास सांगावे. ‘बाळंतपणानंतर बघू’ असा सल्ला संशयित तिळाबाबत मिळाला, तर दुसऱ्या त्वचारोगतज्ज्ञांचे मत घ्यावे. अहवालाची प्रत प्रसूतितज्ज्ञांनाही द्यावी. पसरलेला मेलॅनोमा निघाला तर प्रसूतीनंतर वारेचीही तपासणी करावी लागते, आणि ती वार टाकून देण्याआधी त्यांना हे ठाऊक असावे लागते.