लग्नाचा व्हिडिओ लहान करायचाय? अक्षतांचा प्रसंग लावून बघा

फोटोग्राफरने दिलेली लग्नाची फाइल एवढी मोठी असते की टीव्हीवर ती बऱ्याचदा अडखळत चालते. मग कुणीतरी ती लहान करून देतं आणि 'फुल एचडी आहे' म्हणून सांगतं. पण 1920 बाय 1080 हा फक्त चित्राचा आकार झाला. दर्जा बराचसा ठरतो बिटरेटवर, म्हणजे एका सेकंदाला किती डेटा वापरलाय त्यावर, आणि तो काढणं सोपं आहे: जीबीला 8000 ने गुणा, सेकंदांनी भागा. तीन तासांची 8 जीबीची फाइल म्हणजे सेकंदाला साधारण 6 मेगाबिट.

आधी मूळ फाइल संगणकावर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये उघडून कंट्रोल आणि जे दाबा. कोडेक (म्हणजे चित्र आकसून साठवण्याची पद्धत) कोणता, सेकंदाला फ्रेम किती, सगळं दिसेल. एमपी4 किंवा एमकेव्ही ही नुसती पाकिटं; आत एच.264 आहे की एच.265, ते बघायचं.

आता कसोटीचे तुकडे निवडा, प्रत्येकी अर्धा मिनिट. पहिला अक्षतांचाच घ्या. कोडेक आधीच्या फ्रेमवरून पुढची ताडतो आणि फक्त फरक साठवतो. 'शुभमंगल सावधान' झालं की शेकडो दाणे वाटेल तसे उडतात, ताडण्यासारखं काही उरत नाही, आणि बिटरेट कमी असेल तर नवरानवरीच्या चेहऱ्यांवर चौकोन उमटतात. दुसरा तुकडा रात्रीच्या वरातीचा: काळ्या आकाशात पट्टे दिसतात का ते बघा. शांत बसलेल्या पाहुण्यांचा प्रसंग घेऊ नका, तो कुठल्याही फॉरमॅटमध्ये छानच दिसतो.

हँडब्रेक हे मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात प्रत्येक तुकडा एच.264, एच.265 आणि एव्ही1 मध्ये काढा, पण सरासरी बिटरेट तिन्हींना सारखाच द्या. आरएफचा, म्हणजे हँडब्रेकमधला दर्जाचा, आकडा सारखा ठेवून तुलना करू नका, तो प्रत्येक कोडेकमध्ये वेगळा चालतो. जुन्या कॅमेऱ्याचं चित्र इंटरलेस्ड (एकाआड एक ओळींनी साठवलेलं) असेल, तर हलत्या हाताच्या कडेला कंगव्यासारखे दाते दिसतात; तसं दिसलं तर हँडब्रेकमध्ये डीइंटरलेस करा. 1080 चं फोर-के मात्र करू नका, नसलेला तपशील त्याने येत नाही.

तुकडे पेनड्राइव्हवर घालून घरच्या टीव्हीवर, नेहमीच्या जागी बसून बघा. कोणता तुकडा कोणता, हे माहीत नसलेलंच बरं. लावायला घरातलं दुसरं कुणी बसवा. एच.265 ला तेवढ्याच दर्जासाठी बराच कमी बिटरेट पुरतो, पण जुने टीव्ही तो चालवत नाहीत. एव्ही1 त्याहून काटकसरी, मात्र त्याला नवा टीव्ही लागतो. गावाकडे आजीच्या टीव्हीवरही चालायला हवा असेल, तर मी एच.264 च घेईन आणि बिटरेट वाढवेन. पेनड्राइव्ह एफएटी32 असेल तर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसणार नाही, हेही आधीच तपासा.

मूळ फाइल पुसू नका. पुढे पुन्हा रूपांतर करायची वेळ आली, तर ते मूळ फाइलवरूनच करा. आकसलेली फाइल पुन्हा आकसली की चित्र आणखी उतरतं.