‘लोड’ म्हणजे नेमका कोणता?

कोकणात चिऱ्याच्या, म्हणजे बांधकामाच्या जांभ्या दगडाच्या, ट्रकपासून मनावरच्या ताणापर्यंत सगळ्याला ‘लोड’च म्हणतात. चिरा मागवताना ‘एक लोड’ एवढ्यावर थांबू नका. गाडीप्रमाणे नग बदलतात, म्हणून नग किती आणि उतरवणावळ धरून भाव आहे का, हे आधीच ठरवा.

खरी गल्लत होते ती विजेत. वीजबिलावरचा ‘मंजूर भार’ अख्ख्या घराचा असतो, किलोवॅटमध्ये. वायरमन ‘इथे लोड जास्त झालाय’ म्हणतो, तो बहुधा त्या एका पॉइंटपुरता. साधा प्लग ६ अँपिअरचा, म्हणजे २३० व्होल्टला १३८० वॅटपर्यंतच. २००० वॅटचा गीझर जवळपास ९ अँपिअर ओढतो. त्याला १६ अँपिअरचा प्लग आणि किमान २.५ चौरस मिमीची स्वतंत्र तांब्याची वायर हवीच. किनाऱ्यालगत खाऱ्या हवेने प्लगमधल्या पितळी पट्ट्यांवर हिरवट थर चढतो, जोड नीट बसत नाही, आणि तिथेच प्लास्टिक आधी पिवळं पडून मग वितळतं. एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप वीज तोडणारा स्विच) सारखा पडतो म्हणून मोठा बसवणं तर फार धोक्याचं: वायर तीच राहते आणि तापत जाते.

होमस्टेला एसी घेण्याआधी एकाच वेळी चालणाऱ्या उपकरणांचे वॅट जोडून पाहा. बेरीज मंजूर भारापुढे गेली, तर आधी महावितरणकडे भारवाढीचा अर्ज करा.