कोटिंग गेले नव्हते, क्षारांखाली दबले होते

गाडीच्या रंगावर सिरॅमिक कोटिंग, म्हणजे पाणी टिकू न देणारा पातळ संरक्षक थर, करून आठच महिने झाले होते, तरी बॉनेटवर पाण्याचे पूर्वीसारखे टपोरे थेंब न होता पाणी पसरून बसू लागले, तेव्हा खर्च वाया गेला असे वाटून मी फार हळहळलो. तिरप्या उन्हात निरखून पाहिले, तर पांढरट कडांची वर्तुळे दिसली. कोल्हापुरातील आमच्या बोअरचे पाणी जड, म्हणजे क्षारयुक्त आहे. त्याने धुतलेली गाडी मी उन्हातच वाळू देत असे, त्यामुळे कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार थरावर साचले होते, शिवाय साखर कारखान्यांच्या गळीत हंगामातील काजळीही त्यात मिसळली होती.

सावलीत, पत्रा थंड असताना, गाडी आधी न्यूट्रल (ना आम्लधर्मी, ना अल्कधर्मी) शाम्पूने धुतली. मग पांढरे व्हिनेगर आणि डिस्टिल्ड वॉटर समप्रमाणात मिसळून त्यात भिजवलेले मायक्रोफायबर कापड एकेका भागावर अर्धा मिनिट नुसते टेकवून ठेवले आणि लगेच भरपूर पाणी ओतले. दुसऱ्या खेपेनंतर बोटाला लागणारी खरखर गेली आणि थेंब घरंगळू लागले.

घासून काढणारे पॉलिश मात्र मुळीच लावू नये, कारण त्याने तो पातळ थरच झिजतो. आता धुतल्याबरोबर मी गाडी कोरडी पुसतो.