दिवाळीचा किल्ला: माती तडकू नये म्हणून

दिवाळीत घरातल्या लहानथोरांनी मिळून करावं असं काम म्हणजे किल्ला. बाजारातला तयार प्लास्टरचा किल्ला आणू नका, त्यात मुलांना करायला काहीच उरत नाही.

आधी किल्ला ठरवा. मी राजगड सुचवते. मधोमध उंच बालेकिल्ला आणि त्याखाली पद्मावती, सुवेळा, संजीवनी अशा तीन माच्या, म्हणजे तटबंदी असलेले डोंगराचे सपाट पट्टे, असल्यामुळे तीन मुलांना एकेक माची वाटून देता येते. गडाचे फोटो समोर ठेवा. वसुबारसेच्या पाच-सहा दिवस आधी दगड, विटा, फुटक्या कौलांचा सांगाडा रचा. तो हलता कामा नये.

आता खरं काम, माती चढवणं. मला हे जमायला बरीच वर्षं लागली. ‘घट्ट चिखलाचे गोळे थापा’ असं जो तो सांगतो. ते ऐकू नका. जाड थर वरून लवकर वाळतो, आतून ओला राहतो, आणि ऑक्टोबरच्या उन्हात दुसऱ्याच दिवशी भेगा पडतात. त्याऐवजी माती चाळा, त्यात मूठ-दोन मुठी लाकडाचा भुसा घाला आणि ताकासारखा पातळ राबडा करा. जुनी गोणपाटं त्यात पूर्ण बुडवून सांगाड्यावर पांघरा. प्लास्टिकची पोती चालत नाहीत, त्यांना माती धरत नाही. गोणपाट ओलं असतानाच चुण्या दाबून कडे आणि घळी काढा, सुवेळा माचीवरच्या नेढ्यासाठी, म्हणजे कातळातल्या आरपार भोकासाठी, बोटानं आरपार भोक पाडा. मग वरून राबड्याचे दोन-तीन पातळ हात, प्रत्येक हात थोडा सुकल्यावरच पुढचा. सावलीत वाळू द्या. घाई करणाऱ्या मोठ्यांना लांब ठेवा, मुलं थांबतात.

तटबंदी, पायऱ्या, पद्मावती तळं मुलांवर सोडा.

हिरवळीसाठी अळीवच. गहू उंच वाढतो आणि मावळे त्यात बुडून जातात. अळीव भिजवू नका, बुळबुळीत होऊन गठ्ठे होतात. शेवटचा हात ओला असतानाच कोरडे दाणे उतारांवर विरळ भुरभुरा, वाटा मोकळ्या ठेवा. तीन-चार दिवसांत कोंब दिसतात. पाणी मात्र तांब्यानं ओतायचं नाही, माती वाहून जाते. सकाळ-संध्याकाळ हातानं शिंपडा.

मावळ्यांची मातीची चित्रं मांडताना महाराज बालेकिल्ल्यावर, पहारेकरी दरवाजांवर, आणि प्रत्येक माचीवर तिच्या नावाची चिठ्ठी मुलांच्या अक्षरात.