पहिला पोपट घरी आणताना : पक्ष्याच्या आधी घराची तयारी

पोपट म्हटले की महाराष्ट्रात बहुतेकांच्या डोळ्यांपुढे लाल चोचीचा, गळ्याभोवती काळा-गुलाबी कंठ असलेला हिरवा राघू येतो. पोपट पाळण्याचा विचार करणाऱ्याने सर्वांत आधी हे लक्षात घ्यावे, की हा राघू घरात ठेवता येत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार राघू, बाजारात ज्याला 'पहाडी' म्हणतात तो मोठा पोपट आणि जांभळट डोक्याचा छोटा पोपट हे सगळे भारतीय पोपट संरक्षित आहेत. त्यांना पकडणे, विकणे, विकत घेणे आणि पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे. रस्त्याच्या कडेला टोपलीत किंवा आठवडी बाजारात विकायला येणारी त्यांची पिल्ले झाडांच्या ढोल्यांतून काढलेली असतात. त्यांतली बरीच वाटेतच मरतात, त्यामुळे एक पिल्लू विकत घेतले तरी त्यामागच्या अनेक मृत्यूंना आपला हातभार लागतो. कोणाच्या घरी पूर्वीपासून राघू असेल तर त्याला खिडकीतून मोकळे सोडू नये. माणसाळलेल्या पक्ष्याला स्वतःचे अन्न शोधता येत नाही आणि तो कावळ्यांच्या किंवा मांजरीच्या तावडीत सापडतो. महाराष्ट्र वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर कळवून त्याला तज्ज्ञांच्या हाती देणे हाच योग्य मार्ग आहे.

मग पाळायचे कोणते? पिंजऱ्यातच पिढ्यान्‌पिढ्या वाढलेल्या परदेशी जातींपैकी छोटा, लांब शेपटीचा बजरिगार, डोक्यावर तुरा असलेला कॉकटील आणि गुलाबी चेहऱ्याचा लव्हबर्ड या तीन जातींना नोंदणीची अट नाही. कन्यूर, मकाव, काकाकुवा किंवा आफ्रिकन ग्रे यांसारख्या जातींचा समावेश मात्र आंतरराष्ट्रीय व्यापार-नियंत्रणाच्या याद्यांत आहे. २०२४ मध्ये लागू झालेल्या नियमांनुसार असा पक्षी ताब्यात आल्यावर केंद्र सरकारच्या 'परिवेश' या संकेतस्थळावरून त्याची नोंदणी करणे बंधनकारक आहे. कागदपत्रे नंतर देतो असे सांगणाऱ्या विक्रेत्याकडून पक्षी घेऊच नये. दुकानात बजरिगारलाच सर्रास 'लव्हबर्ड' म्हटले जाते, म्हणून नेमकी जात पावतीवर लिहून घ्यावी.

पहिल्यांदाच पोपट पाळणाऱ्याने कॉकटील निवडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तो शंभर ग्रॅमच्या आसपास वजनाचा, सौम्य स्वभावाचा आणि माणसाच्या सहवासाची ओढ असलेला पक्षी आहे. त्याची शीळ गोड असते आणि ओरडणे शेजाऱ्यांना सहन होण्यासारखे असते. आफ्रिकन ग्रेच्या बोलण्याची भुरळ अनेकांना पडते. परंतु हा पक्षी चाळीस-पन्नास वर्षे जगू शकतो, लहान मुलाइतके लक्ष मागतो आणि एकटा पडला तर स्वतःची पिसे उपटू लागतो. पोपट पाळण्याचा अनुभव नसलेल्या घराने ही जबाबदारी घेऊ नये. कॉकटीलसुद्धा नीट सांभाळल्यास पंधरा ते वीस वर्षे जगतो, हे घरातल्या सगळ्यांनी मिळून विचारात घ्यावे. आज दहावीत असलेली मुले तोवर नोकरीला लागून परगावी गेलेली असतील. रोज दोन-तीन तास त्याच्यासोबत कोण असेल, दिवाळीत किंवा मे महिन्यात गावी जाताना तो कोणाकडे राहील, पिंजरा रोज कोण साफ करेल, याची उत्तरे आधी ठरलेली असावीत. कॉकटीलच्या पिसांतून पांढरी बारीक भुकटी सतत झडत असते. घरात कोणाला दमा असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय पुढे जाऊ नये.

घराच्या तयारीत सर्वांत मोठा धोका स्वयंपाकघरात असतो आणि नेमका तोच बहुतेकांना ठाऊक नसतो. नॉनस्टिक तवा किंवा कढई गॅसवर रिकामी राहून प्रमाणाबाहेर तापली, की तिच्यावरच्या लेपातून जो वायू निघतो तो माणसाला जेमतेम जाणवतो, पण पक्षी मात्र काही मिनिटांत मरू शकतो. पक्ष्याची श्वसनसंस्था फुप्फुसे आणि हवेच्या पिशव्या मिळून बनलेली असते. उडण्यासाठी लागणारा प्राणवायू ती अत्यंत कार्यक्षमतेने शोषून घेते आणि त्याच कार्यक्षमतेने विषही घेते. हाच लेप काही एअर फ्रायर, सँडविच मेकर, इस्त्री आणि हीटर यांतही असतो. दुसऱ्या खोलीत पिंजरा ठेवला म्हणजे पक्षी सुरक्षित झाला असे समजू नये, कारण फ्लॅटमध्ये हवा सगळीकडे फिरते. म्हणून पक्षी येण्याआधीच अशी भांडी काढून लोखंडी तवा, बिडाची किंवा स्टीलची कढई वापरात आणावी. डासांची कॉइल, उदबत्ती, धूप, कापूर, रूम फ्रेशनर आणि झुरळांचा फवारा यांनाही पिंजऱ्याच्या आसपास जागा नाही. देवघर आणि पिंजरा एकाच खोलीत असतील तर त्यांपैकी एकाची जागा बदलावी. घराला रंग द्यायचा असेल तर तो पक्षी आणण्यापूर्वी द्यावा आणि वास पूर्ण जाऊ द्यावा.

दुसरा धोका डोक्यावरचा पंखा. पक्षी पिंजऱ्याबाहेर असेल तेव्हा पंखा बंद, हा नियम पाहुण्यांसह घरातल्या प्रत्येकाला पाळावा लागतो. त्यासाठी पंख्याच्या बटणावर कागद चिकटवून ठेवणे ही साधी पण उपयोगी सवय आहे. सगळ्या खिडक्यांना जाळी बसवावी, बाल्कनीचे दार आपोआप बंद होईल अशी सोय करावी आणि संडासाचे झाकण बंद ठेवावे व पाण्याच्या बादल्या झाकून ठेवाव्यात, कारण बादलीत पडलेला पक्षी स्वतःहून वर येऊ शकत नाही. मोठ्या आरशावर आणि मोकळ्या काचेवर पहिले काही दिवस पडदा असावा.

पिंजरा घेताना उंचीपेक्षा लांबीकडे पाहावे, कारण पोपट आडवा उडतो. एका कॉकटीलसाठी किमान २४ इंच लांब, १८ इंच रुंद आणि २४ इंच उंच पिंजरा हवा, गजांमधील अंतर अर्धा ते पाऊण इंच असावे. बजरिगारसाठी ते अर्ध्या इंचापेक्षा जास्त नसावे, नाहीतर त्याचे डोके अडकते. गोल पिंजरा दिसायला सुंदर असला तरी त्यात पक्ष्याला सुरक्षित कोपरा मिळत नाही. जस्ताचा मुलामा दिलेली स्वस्त जाळी कुरतडल्याने पक्ष्याला विषबाधा होते, म्हणून पावडर कोटिंग केलेला किंवा स्टीलचा पिंजरा घ्यावा. सोबत येणाऱ्या प्लास्टिकच्या गुळगुळीत दांड्या काढून पेरूच्या किंवा कडुनिंबाच्या, फवारणी न झालेल्या फांद्या धुऊन, उन्हात वाळवून लावाव्यात. त्या कमी-अधिक जाडीच्या असल्या की पायांना व्यायाम होतो आणि तळव्यांना फोड येत नाहीत. पिंजरा माणसांची वर्दळ असलेल्या खोलीत, एक बाजू भिंतीला लागेल असा आणि थेट ऊन, वारा व एसीचा झोत टाळून ठेवावा. रात्री दहा-बारा तास अंधार आणि शांतता मिळायला हवी. मात्र कॉकटील अंधारात दचकून पिंजऱ्यातच सैरावैरा आपटतो, म्हणून एक मंद दिवा चालू ठेवावा. दिवाळीच्या फटाक्यांच्या आणि विसर्जनाच्या ढोल-ताशांच्या रात्री त्याला आतल्या खोलीत न्यावे.

खाण्याच्या बाबतीत आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. भिजवलेली डाळ, मिरची आणि पेरूची फोड म्हणजे पोपटाचा आहार असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. मिरची त्याला तिखट लागत नाही आणि पेरूही चांगलाच, पण एवढ्यावर त्याचे पोषण होत नाही. निव्वळ सूर्यफुलाच्या बिया दिल्यास चरबी वाढते आणि 'अ' जीवनसत्त्वाच्या अभावाने श्वसनाचे आजार होतात. राळे, बाजरी यांसारखे बारीक धान्य, पक्ष्यांसाठी तयार मिळणारे पेलेट (खाद्याच्या दाबून केलेल्या गोळ्या) आणि रोज ताजी भाजी असे मिश्रण ठेवावे. भाजीत शेवग्याचा पाला, कोथिंबीर, मेथी, किसलेले गाजर, कोवळे मक्याचे कणीस चालते. कॅल्शियमसाठी समुद्रफेसाचा, म्हणजे माकूळ या सागरी प्राण्याच्या पांढऱ्या हाडाचा, तुकडा गजांना अडकवावा. ॲव्होकॅडो, चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा-लसूण, सफरचंदाच्या बिया आणि फरसाणासारखे खारट पदार्थ कधीही देऊ नयेत. ताटातला घास कौतुकाने भरवण्याची आपली सवय पोपटाच्या बाबतीत मोडावीच लागते.

पक्षी निवडण्याआधी पक्ष्यांवर उपचार करणारे पशुवैद्य शोधून ठेवावेत. कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर पक्षी तपासत नाहीत, त्यामुळे तसे आधी विचारून घ्यावे. मुंबईत परळ येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि जुने पशुरुग्णालय आहे. लहान गावातून किती अंतर कापावे लागेल याचा अंदाजही घेऊन ठेवावा.

निवडताना दुकानापेक्षा पक्षी स्वतः वाढवणाऱ्याकडे जावे आणि काही वेळ नुसते पाहत बसावे. डोळे स्वच्छ, नाकपुड्या कोरड्या, शेपटीखालची पिसे न बरबटलेली आणि छातीचे हाड धारदार न लागणारे असे पिल्लू निरोगी असते. श्वासागणिक शेपूट खालीवर होत असेल तर तो आजारी आहे. सिरिंजने भरवावे लागणारे पिल्लू जास्त माणसाळते, असे सांगून ते नवख्यांच्या गळ्यात मारले जाते. भरवताना अन्न श्वासनलिकेत गेले किंवा जास्त गरम असले तर ते पिल्लू दगावते, म्हणून स्वतः दाणे फोडून खाणारे पिल्लूच आणावे. विक्रेता देत होता तेच अन्न पहिले दोन आठवडे द्यावे आणि नवे हळूहळू मिसळावे.

घरी आणण्याचा प्रवास सकाळी, झाकलेल्या हवेशीर डब्यातून करावा. पहिले दोन-तीन दिवस त्याला हाताळू नये. पिंजऱ्याजवळ बसून हळू आवाजात बोलावे, वर्तमानपत्र वाचावे. कॉकटीलचा तुरा त्याचे मन सांगतो. तो ताठ उभा असेल तर पक्षी दचकलेला आहे, डोक्याला घट्ट चिकटला असेल आणि जोडीला फुत्कार असेल तर भ्यालेला किंवा रागावलेला आहे, आणि किंचित मागे कललेला सैल तुरा म्हणजे तो निश्चिंत आहे. असा सैल तुरा दिसू लागल्यावरच राळ्याचे कणीस हातात धरून दारापाशी न्यावे आणि त्याला स्वतःहून पुढे येऊ द्यावे. कधीही छातीभोवती मूठ आवळून धरू नये. पक्ष्याला श्वासपटल नसते, छातीचे हाड पुढे-मागे हलले तरच त्याला श्वास घेता येतो, आणि ते दाबले गेल्यास तो गुदमरतो.

पहिल्या आठवड्यातच डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. पोपट आजार लपवतो आणि पिसे फुलवून गप्प बसलेला दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. म्हणून ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घेऊन रोज सकाळी, खाण्याआधी, त्याचे वजन वहीत लिहावे आणि तळाशी अंथरलेल्या कागदावरची विष्ठा पाहावी. तिच्यात हिरवट घट्ट भाग, पांढरा भाग आणि पाणी असे तीन घटक दिसले पाहिजेत. वजन दहा टक्क्यांनी घटले किंवा विष्ठेचा रंग दिवसभर बदललेला राहिला, तर घरगुती उपाय न करता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.